दुकानाची भिंत: लिखाण, पोस्टर आणि पिचकाऱ्या यांचा बंदोबस्त



आपल्या मंडळातील बऱ्याच कुटुंबांचा आदिलाबाद शहरात, तसेच बेला, जैनद, इच्चोडा, उटनूर या भागांत लहानसा व्यवसाय आहे. कोणाचे किराणा दुकान, कोणाचे मेडिकल, कोणाचे बी-बियाण्यांचे, तर कोणाची पिठाची गिरणी. या सर्वांची एक तक्रार वारंवार कानावर येते: "भिंत रंगवून महिना होत नाही, तोच कोणीतरी काहीतरी लिहून जाते." निवडणुकीच्या घोषणा, सिनेमाची आणि कोचिंग क्लासची पोस्टर्स, शटरवर मार्करने गिरवलेली नावे आणि कोपऱ्यात पानाच्या पिचकाऱ्या. या विषयावर उपयोगी माहिती एका ठिकाणी असावी, म्हणून हा लेख.

मी पेंटर नाही, वकीलही नाही. बँकेत असताना कर्जदारांच्या मालाची तपासणी करण्यासाठी शेकडो दुकानांत जाणे झाले आणि निवृत्तीनंतर घरच्या गाळ्याची देखभाल माझ्याकडे आली. त्यातून समजले ते तीन शब्दांत सांगता येते: आधी नोंद, मग सफाई, मग प्रतिबंध. हा क्रम चुकला की भिंतही खराब होते आणि तक्रारही उभी राहत नाही.

१. आधी नोंद

सकाळी शटर उघडताना लिखाण दिसले की पहिला हात ब्रशकडे जातो. तो थांबवावा आणि मोबाइलने तीन फोटो काढावेत: एक लिखाणाचा जवळून, एक संपूर्ण भिंतीचा आणि एक दुकानाच्या पाटीसह, म्हणजे जागा ओळखू येते. एका वहीत तारीख, वेळ, काय लिहिले आहे आणि कोणत्या रंगाने, एवढे टिपावे. पोस्टर असेल तर त्याच्या तळाशी छापलेले मुद्रकाचे नाव टिपावे. निवडणुकीच्या पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२७-अ नुसार बंधनकारक आहे. नाव नसेल तर तीच एक तक्रार होते.

ही पाच मिनिटांची नोंद पुढे पालिकेत, पोलिसांत आणि विमा कंपनीकडे उपयोगी पडते. दुकान भाड्याचे असेल तर घरमालकालाही फोटो पाठवावा. भिंत रंगवण्याचा खर्च कोणाचा, हे भाडेकरारात लिहिलेले नसेल तर पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी एक ओळ घालून घ्यावी. आपण केलेला खर्च पावतीसह दुरुस्ती-देखभाल खात्यात लिहावा. पेंटरला रोख दिले आणि पावती घेतली नाही, तर वर्षअखेरीस हिशेबात तो खर्च दाखवायला कागद उरत नाही.

२. कोणते लिखाण लगेच पुसू नये

साध्या घोषणा आणि जाहिराती फोटो काढून त्याच दिवशी पुसाव्यात. पण तीन प्रकारांत थोडे थांबावे लागते: एखाद्या स्त्रीबद्दल अश्लील मजकूर, जात किंवा धर्मावरून चिथावणी आणि धमकी. हे गंभीर गुन्हे ठरू शकतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्त्रीच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम ७९ आहे आणि समाजा-समाजांत वैर पसरवण्यासाठी कलम १९६ आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे जाणूनबुजून नुकसान करणे म्हणजे आगळीक. ती कलम ३२४ मध्ये येते.

अशा वेळी पुसू नये, पण उघडेही ठेवू नये. ताडपत्री, जुनी चादर, फ्लेक्सचा तुकडा, जे हाती असेल त्याने झाकावे. पोलिसांना कळवावे, त्यांनी पाहून फोटो घेतले की मग पुसावे.

हे मी एका घरी पाहिले. परिचितांच्या किराणा दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर कोणीतरी रात्रीतून त्यांच्या मुलीचे नाव घालून दोन घाणेरड्या ओळी लिहिल्या. ऑइल पेंट होता. पोलिसांत जायचे की नाही यावर घरात वाद सुरू झाला. वडील म्हणत तक्रार करू, काका म्हणत बोभाटा होईल. दोन दिवस शटर बंद आणि ओळी तशाच. मी गेलो तेव्हा दोन्ही बाजू मला आपापले म्हणणे पटवून देत होत्या. ती मुलगी आतून आली आणि एवढेच म्हणाली, "काका, आधी ते झाका ना." आम्ही सगळे मोठे गप्प झालो. गोदामातली ताडपत्री आणून खिळे ठोकून लावली. तक्रार दुसऱ्या दिवशी दिली आणि त्याच संध्याकाळी भिंत खरवडून रंगवली. लिहिणारा सापडला की नाही, यापेक्षा ते दोन दिवस तिला टाळता आले असते, हे मला आजही लागून राहिले आहे.

म्हणून प्रत्येक दुकानात एक ताडपत्री आणि मूठभर खिळे ठेवावेत. तक्रारीचा निर्णय नंतर शांतपणे घेता येतो.

३. सफाई: भिंत कशाची, रंग कशाचा

कोणतेही रसायन वापरण्यापूर्वी कोपऱ्यात तळहाताएवढ्या जागेवर करून पाहावे. दहा मिनिटांनी मूळ रंग मऊ पडला किंवा दगड पांढुरका झाला, तर ते रसायन त्या भिंतीसाठी नाही.

चुना किंवा डिस्टेंपरची भिंत. घोषणा लिहिणारे बहुधा आधी चुन्याचा पांढरा पट्टा मारतात आणि त्यावर काव, नीळ किंवा रंगीत डिस्टेंपरने लिहितात. हे पाण्याचे रंग असतात. पहिल्या एक-दोन दिवसांत साधे पाणी आणि ताठ ब्रश पुरतो. ऑइल पेंटने लिहिले असेल तर मात्र त्यावर चुना मारू नये. चुना तेलकट रंगाला धरत नाही आणि पावसाळ्यात पोपडे निघून जुनी अक्षरे पुन्हा डोकावतात. आधी पत्रीने खरवडावे, पॉलिश पेपर मारावा, प्राइमरचा एक हात द्यावा आणि मग भिंतीचा रंग लावावा. फक्त अक्षरांवर रंग फिरवला तर अक्षरांच्या आकाराचा डाग राहतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चौकोनी भाग रंगवावा.

लोखंडी शटर. ताजा ऑइल पेंट टर्पेंटाइनच्या फडक्याने निघतो. स्प्रेचा रंग टर्पेंटाइनला दाद देत नाही, त्याला थिनर लागतो. पण थिनर खालचा रंगही सोडवतो. म्हणून फडके ओले करून बाहेरून आत पुसावे, दर वेळी फडक्याची स्वच्छ बाजू घ्यावी आणि शेवटी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडे करावे. लोखंड उघडे पडले तर रेड ऑक्साइड मारल्याशिवाय रंग लावू नये, नाहीतर पावसाळ्यात गंज फुटतो. आठ बाय आठ फुटांच्या शटरच्या बाहेरच्या बाजूला दोन हात द्यायला साधारण एक ते दीड लिटर ऑइल पेंट लागतो.

काच आणि टाइल. मार्करची शाई स्पिरिटने जाते. काचेवरचे पोस्टर आधी भिजवून ब्लेड तिरके धरून काढावे. नेलपॉलिश काढण्याचे द्रावण काचेवर चालते, पण अ‍ॅक्रिलिकच्या पाटीवर किंवा फ्लेक्सवर कधीही लावू नये. पाटी धुरकट होते, अक्षरे विरघळतात.

शहाबादी आणि तांडूरचा दगड. आपल्याकडे ओटा आणि पायऱ्यांना हाच दगड असतो. तो चुनखडीचा आहे. त्यावर अ‍ॅसिड टाकले की फेस येतो आणि दगडाचा पृष्ठभाग खाल्ला जातो. डाग जातो, पण चकाकीही जाते आणि नंतर त्या खडबडीत जागी घाण जास्त धरते. साबण, गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश एवढेच वापरावे. तारेचा ब्रश नको.

पोस्टर. मैद्याच्या खळीने चिकटवलेले पोस्टर ओढून काढले की रंगाचा पापुद्रा घेऊन येते. कोमट पाण्यात थोडा साबण टाकून पोते भिजवावे, ते पोस्टरवर पंधरा-वीस मिनिटे लावून ठेवावे आणि मग पत्रीने सावकाश सोलावे. उरलेली खळ धुऊन टाकावी. ती राहिली तर काळी बुरशी धरते आणि पुढचे पोस्टर त्याच जागी लागते.

पानाची पिचकारी. कात आणि चुना एकत्र आले की पक्का तांबडा रंग तयार होतो. ओली असतानाच साबणाच्या पाण्याने धुतली तर बरीचशी जाते. वाळलेल्या डागासाठी सिमेंट आणि टाइलवर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडचे पातळ द्रावण चालते. हातमोजे घालावेत, मुलांच्या हाती लागू देऊ नये, कारण ते विषारी आहे. नुसता डिस्टेंपर मारल्यास कात त्यातून वर येतो. आधी तेलाचा प्राइमर हवा.

४. जिवाची काळजी

थिनर आणि टर्पेंटाइन पेट घेतात. आपला जिल्हा कापसाचा. अनेक दुकानांच्या शेजारी जिनिंग, सरकीची पोती किंवा कापसाचे ढीग असतात. अशा ठिकाणी विडी, उदबत्ती, वेल्डिंग यांपैकी काहीही चालू असताना थिनरचा डबा उघडू नये. तेलकट रंगाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ढिगात ती आपोआप तापून पेटू शकतात. उन्हात पसरून वाळवावीत किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एकत्र करू नयेत. विषारी क्लोरीन वायू निघतो. बंद शटरच्या आत थिनर वापरू नये. उरलेला थिनर नालीत ओतू नये.

वेळही पाहावी. मे महिन्यात उन्हात शटर इतके तापते की थिनर पुसण्याआधीच उडून जातो. सकाळी लवकर काम करावे. हिवाळ्यात उलट, आपल्याकडच्या थंडीत शटरवर दव असते. ऊन आल्यावर सुरू करावे. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर ऑइल पेंट लावू नये. संपूर्ण रंगकामासाठी दसरा ते माघ हा काळ उत्तम.

५. निवडणुकीचे दिवस

आचारसंहिता स्पष्ट सांगते की, मालकाच्या परवानगीशिवाय कोणाच्याही जमिनीवर, इमारतीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर झेंडे, फलक, पोस्टर किंवा घोषणा लावू नयेत. निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी इमारतींवरचे लिखाण २४ तासांत, सार्वजनिक जागांवरचे ४८ तासांत आणि खाजगी मालमत्तेवरचे विनापरवाना लिखाण ७२ तासांत काढले जावे, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. उदाहरण घ्यायचे तर २०२३ च्या तेलंगणा विधानसभा निवडणुकीची घोषणा ९ ऑक्टोबरला झाली. म्हणजे खाजगी भिंतींसाठीची मुदत १२ ऑक्टोबरला संपत होती. ही तारीख माहीत असली की पालिकेत कधी जायचे ते कळते.

लोकसभा आणि विधानसभेच्या वेळी आयोगाचे सी-व्हिजिल अ‍ॅप असते. त्यात जागेवरूनच फोटो काढावा लागतो. आधी काढून ठेवलेला चालत नाही. तक्रारीवर १०० मिनिटांत कार्यवाही व्हावी अशी रचना आहे.

आता व्यवहाराचे. सगळे पक्ष आपले गिऱ्हाईक असतात. रात्री लिहिणाऱ्या पोरांशी भांडून उपयोग नाही. ती रोजंदारीवर आलेली असतात. मी एकदा भांडलो होतो. दुसऱ्या रात्री दुप्पट मोठी अक्षरे आली. त्यानंतर निवडणूक लागण्याआधीच सर्व पक्षांच्या स्थानिक कार्यालयांना एकच मजकूर देऊ लागलो: "आमच्या भिंतीवर कोणत्याही पक्षाचे लिखाण करू दिले जाणार नाही." सर्वांना एकसारखा, तारखेसह, पोच घेऊन. एकाला हो आणि दुसऱ्याला नाही म्हटले की वाईटपणा येतो. सर्वांना नाही म्हटले तर कोणी मनावर घेत नाही.

६. कायदा आणि पालिका

संयुक्त आंध्र प्रदेशात १९९७ साली उघड्या जागांचे विद्रूपीकरण आणि अश्लील व आक्षेपार्ह पोस्टर यांना प्रतिबंध करणारा कायदा झाला. २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळे झाल्यावर तो इथेही चालू राहिला. शहरात याशिवाय तेलंगणा नगरपालिका कायदा, २०१९ लागू आहे. तक्रार पालिका आयुक्तांच्या नावे द्यावी, सोबत फोटो जोडावेत आणि आवक क्रमांक घ्यावा. खेड्यात ग्रामपंचायत सचिवाकडे द्यावी.

काही सभासदांची दुकाने महाराष्ट्रात पांढरकवडा किंवा किनवटला आहेत. किनवट आणि राजुरा १९५६ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होते, पण आज तिथे महाराष्ट्राचा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा, १९९५ लागतो. तक्रार त्या राज्यातच करावी.

एक सावधगिरी आपल्या बाजूनेही. सिमेंट, रंग किंवा मोबाइल कंपन्या शटर फुकट रंगवून देतात आणि त्यावर त्यांची जाहिरात असते. जाहिरातीला पालिकेची परवानगी लागते. कंपनीने ती घेतली आहे का, हे लेखी विचारावे. नोटीस दुकानदाराच्या नावाने येऊ शकते.

विम्याबाबत: १ एप्रिल २०२१ पासून लहान व्यवसायांसाठी असलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत दंगल, संप आणि दुर्भावनेने केलेले नुकसान यांचा समावेश आहे. मात्र प्रत्येक दाव्यात काही रक्कम विमाधारकाने सोसायची असते, त्यामुळे भिंत रंगवण्याचा छोटा खर्च बहुधा त्यातच संपतो. काच किंवा पाटी फोडली असेल तर दावा जरूर पाहावा.

७. प्रतिबंध

बेवारस दिसणाऱ्या भिंतीवर लोक लिहितात. म्हणून पुढील उपाय सुचवतो.

लवकर पुसणे. एक पोस्टर राहिले की आठवड्यात पाच होतात. लिहिणाऱ्याला आपले लिखाण दिसावे असे वाटते. ते दुपारपर्यंतही टिकत नाही असे दोन-तीनदा झाले की तो दुसरी जागा शोधतो.

रंगाचा डबा. भिंत रंगवल्यावर उरलेला अर्धा लिटर रंग घट्ट झाकण लावून ठेवावा आणि डब्यावर कंपनी, छटेचा क्रमांक व तारीख लिहावी. नंतर तीच छटा मिळत नाही आणि ठिगळ दिसते.

खालचा पट्टा. जमिनीपासून पाच फुटांपर्यंत गडद ऑइल पेंट किंवा टाइल लावावी. डाग कमी दिसतात आणि धुता येतात. खडबडीत पृष्ठभागावर पोस्टर नीट चिकटत नाही, पण तो धुणे कठीण; म्हणून पोस्टरचा त्रास जास्त तिथे खडबडीत आणि पिचकाऱ्यांचा त्रास जास्त तिथे गुळगुळीत असे ठरवावे.

उजेड आणि कॅमेरा. माणूस आल्यावर लागणारा दिवा गल्लीच्या बाजूला लावावा. तेलंगणा पोलिसांच्या 'नेनु सैतम', म्हणजे 'मीसुद्धा', या उपक्रमात व्यापारी वर्गणी काढून रस्त्यावर कॅमेरे बसवतात. चार शेजाऱ्यांनी मिळून केले तर एकट्यावर भार येत नाही.

सूचना कोणत्या भाषेत? आपण मराठीत किंवा हिंदीत लिहितो, पण पोस्टर लावणारा बहुधा तेलुगू वाचतो. सर्वांत वर तेलुगू लिपीत "गोड मीद रायरादु, पोस्टर्लु अंटिंचरादु" म्हणजे "भिंतीवर लिहू नये, पोस्टर लावू नये", असे पेंटरकडून लिहून घ्यावे. खाली मराठी आणि उर्दू.

चित्र. चांगल्या चित्रावर सहसा कोणी लिहीत नाही. आपल्या जिल्ह्यात गोंड समाजाची मोठी चित्रपरंपरा आणि गुस्साडी नृत्य आहे. स्थानिक कलाकाराला योग्य मोबदला देऊन भिंत रंगवून घेतली तर भिंतही वाचते आणि त्याचे कामही लोकांना दिसते.

देवांच्या फरशा. पिचकाऱ्या टाळण्यासाठी कोपऱ्यात देवाची चित्रे लावण्याची पद्धत आहे. माझी विनंती आहे की ती लावू नये. थुंकणारा अंधारात पाहत नाही, मग विटंबना होते आणि दुकानदारावरच बोल येतो. त्या कोपऱ्यात कुंडी आणि दिवा ठेवावा, शक्य तर वाळू भरलेला डबाही.

शेवटी एक. लिहिणारा पुष्कळदा गल्लीतलाच मुलगा असतो. शटरवर नाव गिरवणारा असा एक मुलगा आम्हाला कॅमेऱ्यात दिसला. त्याच्या आई-वडिलांना बोलावले, चहा दिला आणि रविवारी सकाळी त्यानेच आमच्याबरोबर शटर पुसले. पुढे तोच संध्याकाळी ओट्यावर बसून मित्रांना "इथे नको रे" असे सांगताना मी ऐकले. अश्लील किंवा चिथावणीचा मजकूर असेल तिथे पोलीसच हवेत. बाकी ठिकाणी आधी घरी जाऊन बोलावे.

दुकानात ठेवण्याच्या वस्तूंची यादी देतो: ताडपत्री आणि खिळे, ताठ ब्रश, पत्री, पॉलिश पेपर, साबण, जुनी फडकी, हातमोजे, छोटा टर्पेंटाइन, प्राइमर, उरलेल्या रंगाचा डबा आणि एक वही. ही यादी शटरच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावी आणि सकाळी दुकान उघडणाऱ्या मुलाला किंवा नोकराला हा लेख एकदा वाचून दाखवावा.